कृती कधी घडते आणि कितीला पडते: मिनिएचर युद्धखेळाचे नियम लिहिताना

टेबलावर छोट्या सैनिक-आकृत्या हलवून खेळायच्या, मी लिहिलेल्या एका घरगुती युद्धखेळाच्या पहिल्याच चाचणीत, पाचव्या फेरीत, एका खेळाडूने आपला सैनिक भिंतीआडून बाहेर काढला, समोरच्या बंदूकधाऱ्यावर चढाई जाहीर केली आणि मोजपट्टी लावली, तेव्हा अंतर आठ इंचांऐवजी पावणेनऊ इंच भरले. सैनिक हातात तसाच राहिला आणि टेबलाभोवती एकदम चार प्रश्न उभे राहिले. चढाईचे दोन गुण गेले की वाचले? सैनिक मूळ जागी परत ठेवायचा की आठ इंचांवर उघड्यावर उभा करायचा? चढाई जाहीर होताच बंदूकधाऱ्याने झाडलेली गोळी आता ग्राह्य धरायची का? आणि गुण वाचले असतील, तर त्याच गुणांत हा सैनिक पुन्हा भिंतीआड जाऊ शकतो का? माझ्या वहीत चढाईपुढे एवढेच लिहिलेले होते: किंमत २ गुण, अंतर ८ इंचांपर्यंत. किंमत होती, पण ती कधी वसूल व्हायची हे कुठेच नव्हते, आणि त्यामुळे ती किंमतही नसल्यातच जमा होती.

हे मार्गदर्शन स्वतःचे नियम लिहिणाऱ्यांसाठी, किंवा आवडत्या खेळातले एखादे कलम आपल्या गटापुरते दुरुस्त करू पाहणाऱ्यांसाठी आहे. शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून सुरुवातीलाच सांगतो: टेबलावरच्या सर्वांना एकेकदा संधी मिळून गेली की एक 'फेरी' पुरी होते, त्यातली एका सैनिकाची किंवा एका बाजूची संधी ती 'पाळी', पाळीत तो जे करतो ती 'कृती', आणि कृतीसाठी जे खर्ची पडतात ते 'गुण', ज्यांना बहुतेक खेळाडू ॲक्शन पॉइंटच म्हणतात.

घोषणा, भरणा, परिणाम

प्रत्येक कृतीला तीन क्षण असतात. खेळाडू ती करणार असे सांगतो ती घोषणा, तिची किंमत कायमची जाते तो भरणा, आणि टेबलावरची स्थिती प्रत्यक्ष बदलते तो परिणाम. साध्या कृतीत हे तिन्ही क्षण एकाच श्वासात उरकतात आणि म्हणून ते वेगळे आहेत हे नियम लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मोजणी, फासे किंवा प्रतिस्पर्ध्याची प्रतिक्रिया या तिघांपैकी काहीही मध्ये शिरले, की क्षण एकमेकांपासून सुटतात आणि सुटलेल्या जागेत वाद घुसतो. बुद्धिबळाच्या नियमकर्त्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. स्पर्धेच्या नियमांत सोंगटीला हेतुपूर्वक हात लावला की शक्य असल्यास तीच चालवावी लागते, नव्या घरावर ठेवून हात सोडला की चाल बदलता येत नाही, आणि घड्याळ दाबले की चाल पूर्ण होते. हे तीन वेगवेगळे क्षण असून प्रत्येकाचे परिणाम स्वतंत्रपणे सांगितलेले आहेत. त्या पटावर घरे आखलेली असतात आणि मोजपट्टीचा प्रश्नच नसतो. आपल्याकडे मात्र प्रत्येक पाऊल इंचांत मोजावे लागते, त्यामुळे ही शिस्त आपल्याला अधिकच हवी.

मी स्वतः जो क्रम वापरतो तो असा: आधी कृती आणि तिचे लक्ष्य यांची घोषणा, मग नजरेला उघड दिसणाऱ्या अटींची तपासणी, मग भरणा, मग प्रतिक्रियेची संधी, मग मोजणी आणि फासे, आणि शेवटी परिणाम. या क्रमात भरणा मोजणीच्या आधी येतो, म्हणजे अंदाज चुकल्याची जोखीम घोषणा करणाऱ्याच्या माथी पडते. 'इन्फिनिटी' या स्पॅनिश खेळाची भूमिका याच बाजूची आहे: तिथे आधी कृती जाहीर करायची आणि अंतर निकालाच्या वेळी मोजायचे, आणि अट पुरी होत नाही असे तेव्हा दिसले तर त्या सैनिकाची कृती नुसत्या निष्क्रियतेत बदलते, खर्च झालेला आदेश (तिथे गुणांऐवजी आदेश खर्ची पडतात) मात्र परत मिळत नाही. हे कठोर वाटते, परंतु त्यात एक सोय आहे. मागे जाऊन काही पुसावे लागत नाही, आणि त्या घोषणेला प्रतिस्पर्ध्याने दिलेली प्रतिक्रियाही आपोआप वैध राहते.

दुसरा मार्ग असा, की कधीही, कितीही मोजू द्यावे. मग नजरेचा अंदाज हे कौशल्य राहत नाही आणि अनिश्चितता कुठून तरी दुसरीकडून आणावी लागते. 'वॉरहॅमर ४०,०००' मध्ये चढाईचे अंतर दोन फाशांच्या बेरजेवर ठरते, त्यामुळे मोजून खात्री केली तरी सात इंचांची चढाई साधण्याची शक्यता ३६ पैकी २१, म्हणजे सुमारे ५८ टक्के असते, आणि नऊ इंचांची ३६ पैकी १०, म्हणजे सुमारे २८ टक्के. दोन इंचांच्या फरकाने निम्मी शक्यता गळून पडते, हे खेळाडूला पाठ झाले की तो मोजपट्टी हातात घेऊन खरा विचार करू लागतो. दोन्ही मार्ग चांगले आहेत. वाईट आहे ते दोघांची भेळ करणे: मोजायला बंदी, आणि अंतर कमी भरले तर गुण परत. अशा नियमात खेळाडू अशक्य चढायाही फुकटात जाहीर करून अंतरे काढून घेतो, आणि त्याला दोषही देता येत नाही.

कृती अर्ध्यावर तुटली तर काय, हेही इथेच लिहून टाकावे. माझा नियम असा आहे, की भरणा झाल्यानंतर कर्ता मेला, जखमी होऊन पडला किंवा लक्ष्यच नाहीसे झाले, तरी भरलेले परत येत नाही. कर्ता जिथवर पोहोचला तिथे राहतो आणि त्याचे उरलेले गुण त्याच्याबरोबर संपतात. लक्ष्य नाहीसे झाल्यास दुसरे लक्ष्य निवडू द्यावे, अशी विनंती चाचणीत हमखास येते. ती मी मान्य करत नाही. तसे केल्यास घोषणेला अर्थच उरत नाही.

किंमत कोणत्या खिशातून

गुणांचा आकडा ठरवण्यापूर्वी ते कोणाच्या खिशातून जाणार हे ठरवावे, कारण तोच एक गुण वेगवेगळ्या खिशांतून गेला की खेळाचा स्वभावच बदलतो.

सर्वांत सरळ पद्धत म्हणजे प्रत्येक सैनिकाचा स्वतःचा खिसा. १९८९ साली आलेल्या 'स्पेस हल्क'मध्ये चिलखतधारी सैनिकाला दर पाळीला चार गुण मिळतात आणि त्याच्यावर धावून येणाऱ्या परग्रही प्राण्याला सहा. एक घर पुढे जाण्यास सैनिकाला एक गुण लागतो, मागे जाण्यास दोन, काटकोनात वळण्यास एक, दार उघडण्यास एक. हे आकडे कागदावर रुक्ष दिसतात, पण एकदा टेबलावर करून पाहा. अरुंद बोळात दोन घरे पुढे गेलेल्या सैनिकाला बाजूच्या वाटेकडे तोंड करायचे असेल, तर चारपैकी तीन गुण संपतात आणि उरलेल्या एका गुणात तो एकदा गोळी झाडू शकतो, मात्र पहाऱ्यावर, म्हणजे शत्रूच्या पाळीत तो दिसताच गोळी झाडण्याच्या तयारीत, उभा राहू शकत नाही, कारण पहाऱ्याला दोन गुण लागतात. अवजड चिलखतातला माणूस कसा हलत असेल हे कोणत्याही वर्णनाविना केवळ किमतींनी सांगितले आहे. वळण्याची किंमत ही त्या सबंध खेळाची मेख आहे, असे माझे मत आहे.

इथे एक गोष्ट नवे लेखक विसरतात: किमतीचा अर्थ खिशात किती आहे यावर ठरतो. 'किल टीम'मध्ये हातघाईतून माघार घेण्यास दोन गुण लागतात. दोन गुणांच्या सैनिकासाठी ती सबंध पाळी झाली. तीन गुणांचा सैनिक माघार घेऊनही एक काम करू शकतो. त्यामुळे तिसरा गुण दीडपट ताकद देतो असे समजून सैन्य उभारताना त्या सैनिकाच्या खरेदीची किंमत दीडपट लावली, तर तो स्वस्त पडतो, कारण पहिले दोन गुण बहुधा जागेवर पोहोचण्यात आणि गोळी झाडण्यात जातात आणि खरी चैन तिसऱ्यातच असते. त्याच खेळात एका पाळीत तीच कृती दोनदा करता येत नाही, ही मर्यादा या चैनीला लगाम घालते.

दुसरा खिसा सामाईक असतो. प्राचीन लढायांसाठीच्या 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' या १९९० सालच्या छोट्या नियमपुस्तिकेत प्रत्येक सैन्यात बारा तुकड्या असतात आणि पाळीच्या सुरुवातीला एकच फासा टाकला जातो. जितका आकडा तितक्या तुकड्या, किंवा एकसंध रांगेत उभे असलेले तितके गट, हलवता येतात. रांग मोडली की हालचाल महाग पडते, हे इथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. 'इन्फिनिटी'तही प्रत्येक सैनिक सामाईक साठ्यात एक आदेश घालतो, पण ते सगळे आदेश एकाच सैनिकावर उधळता येतात, आणि म्हणून दहा जणांच्या गटातला एकटा वीर सबंध टेबल ओलांडून जाऊ शकतो. तुम्हाला असा वीर हवा आहे की नको, हे साठा सामाईक करण्यापूर्वी ठरवावे. नको असेल तर एकाच सैनिकाचा प्रत्येक पुढचा आदेश महाग करावा, किंवा 'वॉरमास्टर'प्रमाणे त्याच तुकडीला दिलेल्या प्रत्येक पुढच्या आदेशाची फाशावरची शक्यता घटवावी.

तिसऱ्या प्रकारात किंमत नशिबावर सोडलेली असते, मात्र पैज किती लावायची हे खेळाडूच्या हातात असते. 'साँग ऑफ ब्लेड्स अँड हीरोज'मध्ये सैनिकासाठी एक, दोन किंवा तीन फासे टाकायचे हे खेळाडू ठरवतो. प्रत्येक यशस्वी फाशामागे एक कृती मिळते, पण दोन फासे फसले की पाळी प्रतिस्पर्ध्याकडे जाते. तीन किंवा अधिक पडल्यास यश मिळणाऱ्या सैनिकाने दोन फासे टाकले तर पाळी जाण्याची शक्यता ९ पैकी १, म्हणजे सुमारे ११ टक्के असते. तीन टाकले तर ती २७ पैकी ७, म्हणजे सुमारे २६ टक्के होते. चार किंवा अधिक लागणाऱ्या सैनिकाच्या बाबतीत हेच आकडे २५ आणि ५० टक्के होतात. किंमत कुठेही छापलेली नाही, तरीही प्रत्येक खेळाडू ती मनात मोजत बसलेला असतो.

आणि चौथा प्रकार उधारीचा. 'बॅटलटेक'मध्ये यंत्रमानवाने धावण्याला दोन अंश उष्णता लागते आणि मोठी कणतोफ डागण्याला दहा. थंड करणारी यंत्रणा मूळची दहा अंशांची असेल तर दोन अंश पुढच्या फेरीत बरोबर येतात. दोनने काही बिघडत नाही. पाचवर पोहोचल्यावर चाल एकाने घटते, आठवर नेम बिघडू लागतो, आणि चौदावर यंत्र बंद पडते की काय यासाठी फासे टाकावे लागतात. उधारीची किंमत खेळाडूला मोहात पाडते आणि मग बरोबर अडचणीच्या वेळी वसूल होते, म्हणून ती मला सर्वांत आवडते. तिच्यासाठी नोंद ठेवावी लागते, हा तिचा दोष. एका बाजूला चारपेक्षा अधिक आकृत्या असतील तर उधारी वापरू नये, हा माझा ठोकताळा आहे.

आकडा खरोखर परवडतो का

माझ्या त्याच वहीत 'नेम धरणे' ही कृती होती: किंमत एक गुण, पुढच्या गोळीला फाशावर एकाची भर. गोळी झाडणे हीही एक गुणाची कृती होती आणि सैनिकाला पाळीला दोन गुण होते. तीन डाव झाले, कोणीही एकदाही नेम धरला नाही. खेळाडू उतावळे आहेत, असे मला आधी वाटले. मग कागद घेऊन बसलो.

पाच किंवा अधिक पडल्यास गोळी लागते असे धरा. दोन गोळ्या झाडल्या तर सरासरीने दोन तृतीयांश गोळी लागते. नेम धरून एक झाडली तर चार किंवा अधिक चालतात, म्हणजे अर्धी. चार किंवा अधिक लागत असतील तर दोन गोळ्यांचा हिशेब पूर्ण एकावर जातो आणि नेमाचा दोन तृतीयांशावर राहतो. दोन्ही पर्याय जुळतात ते केवळ सहाच लागत असेल तेव्हा, आणि तिथेही नेम पुढे जात नाही, बरोबरीत सुटतो. गोळी लागण्याची शक्यता जितकी असेल ती दुप्पट करणारा पर्याय एका बाजूला आणि तिच्यात एक षष्ठांश घालणारा दुसऱ्या बाजूला असेल, तर शहाणा माणूस दुसरा निवडणारच नाही. भर घालण्याऐवजी चुकलेला फासा पुन्हा टाकू दिला तरी हिशेब बदलत नाही, कारण दुसरा फासा पहिला चुकला तरच मिळतो, आणि दुसरी गोळी मात्र पहिली लागली तरी मिळते.

दुरुस्ती किमतीत नव्हती, ती पाळीच्या रचनेत होती. एका पाळीत एकदाच गोळी झाडता येईल, एवढे वाक्य घातल्यावर नेमाची स्पर्धा दुसऱ्या गोळीशी राहिली नाही. ती चालण्याशी लागली. आता सैनिकापुढे चालून झाडायचे की थांबून नेमाने झाडायचे असा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर भिंत कुठे आहे, शत्रूची पाळी कधी येणार आहे यावर अवलंबून असते. कृतीची किंमत म्हणजे तिच्यामुळे जी दुसरी कृती हुकते ती. म्हणून नवी कृती यादीत घालताना गुणांचा आकडा लिहिण्यापूर्वी, तेवढ्याच गुणांत खेळाडू आणखी काय करू शकला असता, ते समोर लिहावे आणि दोन्हींचा हिशेब तीन-चार वेगवेगळ्या परिस्थितींत मांडावा. एक पर्याय सर्व परिस्थितींत पुढे राहत असेल तर दुसरा छापण्यात शाई वाया जाते.

उरलेले गुण पुढच्या फेरीत नेऊ द्यावेत का, हा प्रश्न वारंवार येतो. देऊ नयेत. साठवलेल्या गुणांनी एखादी पाळी इतकी लांबते, की समोरचा उठून पाणी पिऊन येतो.

दुसऱ्याच्या पाळीत हात घालणे

प्रतिक्रिया हा या विषयाचा सर्वांत अवघड भाग आहे, कारण तिथे किंमत आणि वेळ दोन्ही प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटून आपल्याकडे येतात. किमतीपुरते पाहिले तर तीन पद्धती रूढ आहेत. पहिलीत आगाऊ भरावे लागते: 'स्पेस हल्क'मधला पहारा दोन गुण आधी घेतो आणि शत्रू आलाच नाही तर ते बुडतात, शिवाय पहाऱ्यावरून झाडताना दोन्ही फाशांवर सारखा आकडा पडला, ज्याची शक्यता ६ पैकी १ असते, की बंदूक अडकते. 'बोल्ट ॲक्शन'मध्ये दबा धरण्याचा आदेश तुकडीची त्या फेरीतली कृतीच खाऊन टाकतो. दुसरीत जागच्या जागी भरायचे असते: 'वॉरहॅमर ४०,०००'च्या २०२३ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत शत्रूच्या पाळीत गोळीबार करण्यासाठी सामाईक साठ्यातला एक गुण मोजावा लागतो आणि फाशावर नेमका सहाच पडला तर गोळी लागते. तिसरीत प्रतिक्रिया फुकट असते: 'इन्फिनिटी'त शत्रू नजरेच्या टप्प्यात हलला की प्रत्येक सैनिक काही न भरता प्रत्युत्तर देऊ शकतो, म्हणजे किंमत खरे तर हलणाऱ्याकडूनच घेतली जाते.

आगाऊ भरण्याची पद्धत लिहायला सोपी आणि खेळायला शांत असते, म्हणून नव्या लेखकाने तिथून सुरुवात करावी. फुकट प्रतिक्रिया पाळीतला कंटाळा घालवते, पण तिच्यामुळे प्रत्येक पावलाला समोरच्याला विचारावे लागते.

वेळेपुरती खरी कसोटी कोपऱ्यावर लागते. एक सैनिक कोपऱ्यामागून एक इंच बाहेर येतो, गोळी झाडतो आणि परत एक इंच आत जातो. समोर पहाऱ्यावर एक बंदूकधारी आहे. तुमच्या नियमात प्रतिक्रिया 'कृती पूर्ण झाल्यावर' असेल, तर बाहेर येणे ही कृती संपताच बंदूकधारी झाडतो आणि सैनिक कदाचित आपली गोळी झाडण्यापूर्वीच पडतो. प्रतिक्रिया 'पाळी पूर्ण झाल्यावर' असेल, तर तो केव्हाच भिंतीआड गेलेला असतो आणि पहारा शोभेपुरता उरतो. ती 'घोषणा होताच' असेल, तर सैनिक अजून भिंतीआडच आहे आणि झाडण्यासारखे समोर काहीच नाही. आणि 'चालीदरम्यान' असेल, तर वाटेवरच्या कोणत्या बिंदूवर, आणि तो बिंदू कोण निवडणार, हे लिहावे लागते. मी तो निवडण्याचा हक्क प्रतिक्रिया देणाऱ्याला देतो: हलणाऱ्याने आधी सबंध वाट बोटाने दाखवायची, मग पहारेकऱ्याने त्या वाटेवर आपल्याला दिसणारी एक जागा सांगायची, गोळीचा निकाल तिथे लावायचा, आणि सैनिक वाचला तर त्याने उरलेली वाट पुरी करायची. वाट बोटाने दाखवण्याची ही सक्ती क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात माझ्या टेबलावरचे निम्मे वाद तिनेच मिटवले.

आणखी दोन वाक्ये नियमात असलीच पाहिजेत. एक, प्रतिक्रियेला प्रतिक्रिया देता येणार नाही. तुम्हाला साखळी हवीच असेल तर ती कोणत्या टोकाकडून सोडवायची हे लिहा, पण सैनिकांच्या खेळात मला ती कधी गरजेची वाटलेली नाही. दोन, एकाच क्षणी दोन नियम लागू होत असतील तर ज्याची पाळी सुरू आहे तो त्यांचा क्रम ठरवेल. हे दुसरे वाक्य अनेक मोठ्या खेळांत सापडते आणि ते जसेच्या तसे उचलण्यात कमीपणा नाही.

पाळी कोणाची, यालाही किंमत आहे

सबंध सैन्य एकदम हलवायचे असेल तर पहिल्या पाळीची किंमत प्रचंड होते, कारण दुसऱ्याचे सैनिक एकही गुण न वापरता मरू शकतात. एकाआड एक सैनिक हलवायचा असेल तर ही अडचण मिटते आणि दुसरी उभी राहते: दहा विरुद्ध सहा सैनिक असतील, तर सहा-सहा झाल्यावर मोठ्या सैन्याचे चार जण उत्तराच्या भीतीविना हलतात. 'मॅलिफॉ'च्या तिसऱ्या आवृत्तीत म्हणूनच कमी आकृत्या असलेल्या खेळाडूला फरकाइतकी 'पास'ची टोकन मिळतात, आणि तो न हलता थांबू शकतो. 'बोल्ट ॲक्शन'मध्ये प्रत्येक तुकडीमागे एक फासा पिशवीत जातो आणि निघालेला फासा ज्याचा त्याची पाळी. तुकडी नष्ट झाली की तिचा फासाही जातो, म्हणजे माणसांबरोबर वेळही गमावला जातो. 'एक्स-विंग'ने तर चालण्याचा आणि मारण्याचा क्रमच उलटा केला: कच्चा वैमानिक आधी उडतो, मुरलेला आधी झाडतो. ज्याला सर्वांत शेवटी हलायला मिळते त्याला सर्वांत जास्त माहिती असते, आणि माहितीची किंमत सैनिकाच्या खरेदीच्या आकड्यात धरावी लागते.

भिंतीवरचे घड्याळ

१८२४ साली प्रशियाच्या सैन्यात स्वीकारल्या गेलेल्या राइसविट्झच्या 'क्रीगस्पील'मध्ये एक चाल म्हणजे दोन मिनिटांची लढाई असे धरलेले होते, आणि तुकडी किती हलणार हे त्या दोन मिनिटांवरून ठरत असे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये छापलेल्या आपल्या खेळण्यातल्या सैनिकांच्या नियमांत खेळाडूच्याच वेळेवर मर्यादा घातली: दर तीस माणसांमागे एक मिनिट आणि दर तोफेमागे एक मिनिट. खेळातली वेळ आणि खेळाडूची वेळ हे दोन्ही हिशेब इतके जुने आहेत, तरी दुसरा हिशेब आजही फार कमी लोक मांडतात.

तो असा मांडावा. प्रत्येक बाजूला आठ सैनिक, प्रत्येकाला दोन कृती आणि सहा फेऱ्या धरल्या तर डावात १९२ कृती होतात. एका कृतीला पाऊण मिनिट लागले तर १४४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ अडीच तास, आणि यात मांडणी, वाद व चहा धरलेला नाही. तिसरा गुण दिला की कृती २८८ होतात आणि डाव साडेतीन तासांच्या पुढे जातो. म्हणून गुण वाढवण्याचा मोह झाला की आधी सैनिक कमी करावेत, किंवा किरकोळ कृती, जसे दार उघडणे, खाली बसणे, वस्तू उचलणे, या चालीतच फुकट सामावून घ्याव्यात. 'स्पेस हल्क'मध्ये दाराला किंमत आहे, कारण तिथे दार बंद असणे हाच डावपेच आहे. तुमच्या खेळात दार केवळ शोभेचे असेल तर त्याला गुण लावू नये.

कलम लिहून पाहणे

शेवटी ज्या चढाईने मला अडवले होते तिचे कलम आता कसे आहे ते देतो, म्हणजे वरच्या सर्व निर्णयांना कागदावर किती जागा लागते हे दिसेल.

"चढाई, २ गुण. हातघाईत नसलेला सैनिकच चढाई करू शकतो. आपल्याला दिसणारा एक शत्रू लक्ष्य म्हणून जाहीर करा, जाण्याची वाट बोटाने दाखवा आणि २ गुण भरा. यानंतर ते परत मिळत नाहीत. ज्या शत्रूंनी पहारा घेतला आहे ते आता वाटेवरची एकेक जागा सांगून प्रत्येकी एकदा झाडू शकतात. वाटेत जी जागा आधी लागेल तिचा निकाल आधी लावा. सैनिक पडला तर तिथेच चढाई संपते. वाचल्यास अंतर मोजा. ते ८ इंच किंवा कमी असेल तर सैनिक लक्ष्याला भिडवा आणि लगेच हातघाईचे फासे टाका. अधिक असेल तर सैनिक त्याच वाटेने ४ इंच पुढे ठेवा. त्याची पाळी संपली."

फसलेल्या चढाईत सैनिक चारच इंच पुढे जातो, हा आकडा चाचणीतून आला. आठ ठेवले होते तेव्हा खेळाडू मुद्दाम फसणाऱ्या चढाया जाहीर करून शत्रूचे पहारे खर्ची पाडत आणि वर पूर्ण चालही मिळवत. शून्य केले तेव्हा कोणी चढाईच करेना.

असे कलम तयार झाले की ते अशा माणसाच्या हाती द्यावे ज्याने तुमचा खेळ कधी पाहिलेला नाही, आणि आपण गप्प बसावे. तो ज्या ज्या ठिकाणी मान वर करून तुमच्याकडे पाहील तिथे पेन्सिलीने खूण करावी. माझ्या अनुभवात बहुतेक खुणा 'मग', 'नंतर', 'लगेच' या शब्दांच्या आसपास पडतात, आकड्यांच्या जवळ क्वचितच. त्यानंतर तीच परिस्थिती, म्हणजे कोपरा, पहारा आणि कमी पडणारे अंतर, टेबलावर मांडून दोन्ही बाजूंनी एकेकदा खेळून घ्यावी. दोन्ही वेळा निकालाची रीत एकच निघाली तर कलम वहीत शाईने उतरवावे.